एकशे चाळीस मॉड आणि बंद पडलेला स्कायरिम

*ताई,*

*मी स्कायरिम स्पेशल एडिशन घेतला. मूळ गेम थोडाच खेळलो. मग एका व्हिडिओत ‘हे मॉड नसतील तर खेळूच नका’ अशी यादी बघितली आणि दोन रात्री जागून १४० मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले फेरबदल, टाकले. बरेचसे व्होर्टेक्स या मॉड मॅनेजरमधून, काही झिप उघडून थेट डेटा फोल्डरमध्ये. सुरुवातीला मस्त चाललं. पुढे एका गावाचं नवं रूप आवडेना म्हणून तो मॉड काढला, आणखी चार-पाच काढले, त्यांच्या जागी दुसरे टाकले. काही पात्रांचे चेहरे मधेच काळे पडले, तरी तसाच खेळत राहिलो. आता मात्र लोगो दिसतो आणि गेम बंद होऊन थेट डेस्कटॉप समोर येतो. ७० तासांची सेव्ह आत अडकली आहे. एक मित्र म्हणतो, सगळं उडव आणि परत इन्स्टॉल कर. दुसरा म्हणतो, लूट नावाचं साधन चालव, मॉडची ऑर्डर लागली की चालेल. माझं ग्राफिक्स कार्ड ६ जीबीचं आहे, ते कमी पडतंय का? त्यात धाकटा भाऊ मागे लागलाय, त्याच्या माइनक्राफ्टमध्येही मॉड टाकून दे म्हणून. खरं सांग, हा नाद सोडून देऊ का?*

*– क्रॅशग्रस्त*

क्रॅशग्रस्त,

नाद सोडू नकोस. ती यादी मात्र सोड.

आधी तुझ्या क्रॅशकडे बघू, कारण तू पत्रात उत्तर जवळजवळ लिहूनच पाठवलं आहेस. गेम मेनूपर्यंतही न पोहोचता लोगोवरच मरत असेल, तर पहिला संशय गहाळ मास्टरवर घ्यायचा. मॉडचे बदल ज्या फाइलीत नोंदवलेले असतात तिला प्लगइन म्हणतात. स्कायरिममधली बरीच प्लगइन दुसऱ्या एखाद्या प्लगइनच्या खांद्यावर उभी असतात, आणि तो खांदा देणारा म्हणजे मास्टर. गावाचं रूप बदलणारा एक मॉड असतो, आणि त्या गावातल्या दिव्यांचा मॉड त्याच्याशी जुळावा म्हणून एक छोटा पॅच असतो. तू गावाचा मॉड काढलास, पॅच तिथेच राहिला. गेम सुरू होताना पॅच आपला मास्टर शोधतो, तो सापडत नाही, आणि स्कायरिम एक शब्दही न बोलता बंद पडतो. मॉड मॅनेजरच्या प्लगइन यादीत अशा अनाथ पॅचपाशी इशाऱ्याचं चिन्ह दिसतं. तिथे एकदा नजर टाक. एसएसईएडिट या प्लगइन तपासायच्या साधनात सगळी यादी उघडायचा प्रयत्न केलास तर तेही गहाळ मास्टरचं नाव सांगून तिथेच थांबतं.

दुसरा संशयित म्हणजे स्टीमने मधल्या काळात गेम अपडेट केलेला असणं. एसकेएसई, म्हणजे मॉडना गेममध्ये जास्त काही करू देणारा स्क्रिप्ट एक्स्टेंडर, गेमच्या मूळ एक्झी फाइलच्या अमुक एका आवृत्तीशीच जुळतो. आवृत्ती बदलली की तो बहुतेक वेळा तसा संदेश दाखवून थांबतो, आणि तू संदेशाबद्दल काही लिहिलेलं नाहीस. पण एसकेएसईच्या जोरावर चालणाऱ्या डीएलएल (प्रोग्रॅमच्या फाइली असलेल्या) मॉडपैकी एखादा जुन्या आवृत्तीचा राहिला असेल, तर तोही सुरुवातीलाच गळा धरू शकतो.

ग्राफिक्स कार्डाचा यात हात नाही. मेमरी कमी पडली की खेळताना अडखळायला होतं, रस्त्याने धावताना चित्र थबकतं, टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, उशिरा येतात, कधी मधेच क्रॅश होतो. लोगोवर मरण्याचं कारण ते नव्हे. त्याच्याकडे नंतर येते.

आता तुझे दोन मित्र.

लूट सुचवणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण लूटकडून त्याची अपेक्षा फार मोठी दिसते. लूट फक्त प्लगइनचा क्रम लावतं. दोन मॉडमध्ये भांडण असेल तर ते सोडवत नाही, गहाळ मास्टर कुठून आणून देत नाही, आणि मॉडमधल्या चित्रांच्या आणि आकारांच्या फाइलींपैकी कोणाची कोणावर चढली आहे हे त्याच्या हद्दीतच येत नाही. ही शेवटची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

स्कायरिममध्ये क्रम एक नसतो, दोन असतात. पहिला फाइलींचा. दोन मॉड एकाच दगडी भिंतीचं टेक्स्चर घेऊन आले, तर एकावर एक चिकटवलेल्या पोस्टरांसारखं शेवटी लावलेलं तेवढं दिसतं. दुसरा क्रम प्लगइनमधल्या नोंदींचा. अमुक तलवारीचं वजन किती, अमुक पात्राच्या अंगावर काय, अमुक खोलीत दिवा कुठे, या सगळ्या नोंदी. इथेही शेवटचं प्लगइन जिंकतं, पण पूर्ण नोंदच्या नोंद जिंकते. एका मॉडने पात्राचे कपडे बदलले, दुसऱ्याने त्याच पात्राचा आवाज बदलला, तर ‘कपडेही नवे, आवाजही नवा’ असं आपोआप होत नाही. खालच्या प्लगइनची आख्खी नोंद लागू होते आणि वरच्याचं काम वाया जातं. दोन्ही हवे असतील तर दोघांना जोडणारा पॅच लागतो, कोणीतरी केलेला किंवा तू एसएसईएडिटमध्ये स्वतः केलेला.

तुझे काळे चेहरे हे याचंच उदाहरण, आणि अगदी शिकण्यासारखं. पात्राच्या चेहऱ्याची माहिती प्लगइनमध्ये असते, आणि तयार चेहऱ्याची फाइल वेगळी असते. प्लगइनच्या क्रमात एक मॉड जिंकला आणि फाइलींच्या क्रमात दुसरा, की दोन्हीचा मेळ बसत नाही आणि गेम त्या डोक्याला काळपट राखाडी रंग देऊन मोकळा होतो. उपाय सोपा आहे. ज्या मॉडचा चेहरा हवा, तो दोन्ही क्रमांत जिंकला पाहिजे. लूट कितीही वेळा चालवलंस तरी यातली एकच बाजू हलते. म्हणून चेहरे काळे पडले तेव्हाच थांबायला हवं होतं. तो गेम तुला सांगत होता की आत दोन मॉड भांडताहेत. इतके दिवस त्याच्याकडे काणाडोळा केल्यावर बाकीचे मॉड शहाण्यासारखे वागत असतील असं धरून चालणं अवघड आहे.

आता ‘सगळं उडव’ म्हणणारा मित्र. त्याचं अर्धं बरोबर आहे. अर्धं अशासाठी, की स्टीममधून अनइन्स्टॉल केलं की स्टीम स्वतः आणलेल्या फाइलीच काढतं. तू झिप उघडून हाताने ओतलेल्या फाइली त्याच्या हिशोबात नसतात, त्या तशाच राहतात, आणि परत इन्स्टॉल केल्यावर नव्या गेममध्ये जुनी भुतं हजर असतात. फाइली तपासून घेण्याचा स्टीमचा पर्यायही मूळ फाइली दुरुस्त करतो, जादा फाइली उचलत नाही. लोक तीन-तीनदा इन्स्टॉल करून ‘तरीही क्रॅश होतो’ म्हणून कपाळाला हात लावतात, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

तेव्हा असं कर. डॉक्युमेंट्समधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरात स्कायरिम स्पेशल एडिशनचा फोल्डर आहे, त्यातला ‘सेव्हज’ फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेव. व्होर्टेक्समध्ये ‘पर्ज’ करून त्याने गेममध्ये जोडलेलं सगळं काढून घे. मग स्टीममधून गेम अनइन्स्टॉल कर, आणि त्यानंतर गेमचा उरलेला फोल्डर स्वतः जाऊन डिलीट कर. ‘माय गेम्स’मधल्या दोन आयएनआय (सेटिंगच्या) फाइलीही काढून टाक. त्या गेम नव्याने तयार करतो, आणि तुझ्या यादीतल्या कोणीतरी त्यात काहीबाही बदल करायला लावले असण्याची शक्यता दाट आहे. नव्याने इन्स्टॉल करताना ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर एखाद्या साध्या फोल्डरात स्टीमची लायब्ररी कर. विंडोज त्या फोल्डरावर जास्त कडक पहारा ठेवतं आणि मॉडच्या साधनांना तिथे लिहिताना अडथळे येतात.

मग मॉड न टाकता गेम सुरू कर, मेनू येऊ दे, बंद कर. हे टाळू नकोस. कोरा गेम चालतो हे डोळ्यांनी बघितलेलं असलं की पुढे जे काही बिघडेल ते तू टाकलेल्या गोष्टींमुळेच बिघडलं हे नक्की होतं.

सत्तर तासांच्या सेव्हबद्दल वाईट बातमी आहे, ती आत्ताच सांगते. ती सेव्ह जपून ठेव, पण तिच्यावर पुढे खेळू नकोस. स्कायरिम चालू असलेल्या स्क्रिप्टची, म्हणजे गेममध्ये घटना घडवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, स्थिती सेव्हमध्ये लिहून ठेवतो. मधेच मॉड काढला की त्याच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि गेम त्यांना शोधत बसतो. हे लगेच दिसत नाही. दहा तासांनी एखादी मोहीम पुढेच सरकत नाही, वीस तासांनी सेव्ह उघडायला नकार देते. सेव्ह साफ करणारी साधनं आहेत, पण ती काय पुसताहेत हे कळणाऱ्याच्या हातात शोभतात. गहाळ मास्टर परत आणून ती सेव्ह कदाचित उघडेलही. तिच्यात आणखी तीस तास घालून मग ती मेली तर तू मला यापेक्षा लांब पत्र लिहिशील. नवं पात्र घे. यावेळी धनुष्य सोडून दुसरं काहीतरी, सगळे शेवटी धनुष्यावरच येतात.

यापुढचं सगळं एका सवयीवर उभं आहे. जो बदल करशील तो जसाच्या तसा मागे घेता आला पाहिजे. हाताने डेटा फोल्डरमध्ये ओतलेली फाइल मागे घेता येत नाही, कारण तिने कोणती जुनी फाइल पुसली हे कुठेच लिहिलेलं नसतं. मॉड मॅनेजर यासाठीच आहे. डाउनलोड करायचे कष्ट वाचणं हा त्याचा किरकोळ फायदा.

मॅनेजर कोणता, यावर लोक हिरिरीने भांडतात. मॉड ऑर्गनायझर २ प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरात ठेवतो आणि गेम त्याच्यातून सुरू केला की डेटा फोल्डरात सगळं असल्याचा आभास तयार करतो. प्रत्यक्ष डेटा फोल्डर कोरा राहतो. व्होर्टेक्स हार्डलिंकने, म्हणजे एकाच फाइलीला दुसऱ्या जागीही नाव देऊन, फाइली खरोखर डेटा फोल्डरात जोडतो, म्हणून त्याचा साठवणीचा फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर असावे लागतात. फक्त स्कायरिम खेळायचा असेल तर माझा कौल मॉड ऑर्गनायझरला, कारण कोण कोणावर चढलंय ते डावीकडच्या यादीत क्रमाने दिसतं आणि मॉड वर-खाली सरकवून बदलता येतं. दहा वेगवेगळे गेम असतील तर व्होर्टेक्स सोयीचा. दोन्ही एकाच गेमवर मात्र चालवू नकोस.

मॉड निवडताना तू बहुधा चित्रं बघून आणि डाउनलोडचा आकडा बघून निवडलेस. त्याऐवजी आधी एक प्रश्न विचार: हा मॉड कोणत्या जातीचा आहे? नुसतं टेक्स्चर किंवा आकार बदलणारा मॉड जवळपास निरुपद्रवी. कधीही टाक, कधीही काढ, स्पेशल एडिशनसाठीचा असेल तर जुना असला तरी चालतो. नोंदी बदलणारं प्लगइन असेल तर भांडणाची शक्यता आहे, आणि खेळ सुरू झाल्यावर ते काढू नये. स्क्रिप्ट असलेला मॉड म्हणजे त्या पात्राच्या शेवटापर्यंतची सोबत. आणि एसकेएसईचे डीएलएल मॉड गेमच्या आवृत्तीशी काटेकोर जुळायला हवेत. ‘शेवटचं अपडेट २०१७’ असं दिसलं तर टेक्स्चरसाठी ते काहीच वाईट नाही. डीएलएलसाठी मात्र तिथूनच मागे फिरायचं.

आवृत्तीचं हे दुखणं कुठून आलं तेही सांगते, कारण मॉडच्या पानांवर तुला १.५.९७ आणि १.६ असे आकडे सतत दिसतील. मूळ स्कायरिम २०११ सालचा, ३२ बिटचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्पेशल एडिशन आलं, ६४ बिटचं. म्हणजे जुन्या स्कायरिमचे मॉड इथे जसेच्या तसे टाकायचे नाहीत, नावं सारखी असली तरी. मग ११ नोव्हेंबर २०२१ ला अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन आलं आणि त्यासोबत स्पेशल एडिशनची एक्झीही १.६ वर गेली, जादा पैसे भरून अ‍ॅनिव्हर्सरी न घेतलेल्यांचीसुद्धा. सगळे डीएलएल मॉड एका दिवसात निकामी झाले. काही लोक १.५.९७ वरच मुद्दाम थांबले, काही पुढे गेले, आणि तेव्हापासून बऱ्याच मॉडच्या दोन-दोन फाइली असतात. ‘अ‍ॅड्रेस लायब्ररी’ नावाचा मॉड पुष्कळ डीएलएलना आवृत्त्यांच्या फरकातून तारून नेतो, पण त्याचीही तुझ्या आवृत्तीची फाइल घ्यावी लागते. तू नव्याने इन्स्टॉल करतोयस, तर स्टीम देईल त्या नव्या आवृत्तीवरच राहा. मागे जायची खटपट पहिल्याच खेपेला नको. स्टीममध्ये गेमच्या अपडेटचा पर्याय ‘सुरू करेन तेव्हाच’ असा ठेव आणि गेम नेहमी मॅनेजरमधून, एसकेएसईच्या लोडरने सुरू कर. नवं अपडेट आलं की एसकेएसई आणि तुझे डीएलएल मॉड त्याच्याशी जुळले आहेत का ते बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

मॉडच्या पानावर ‘आवश्यक’ म्हणून दिलेली यादी पूर्ण वाच. वर्णनही वाच, निदान ‘विसंगत’ आणि ‘कसा काढावा’ हे भाग. प्रतिक्रियांमध्ये अलीकडच्या तारखांचे लोक काय म्हणताहेत तेही बघ. यात मॉडमागे पाच मिनिटं जातात. १४० मॉडना हा वेळ देणं दोन रात्रींत शक्यच नव्हतं, तिथेच तू गुंतलास.

कुठून सुरुवात करू म्हणशील तर: एसकेएसई, अ‍ॅड्रेस लायब्ररी, एसएसई इंजिन फिक्सेस, स्काययूआय (मेनू सुधारणारा), अनऑफिशियल पॅच (मूळ गेममधल्या चुका दुरुस्त करणारा) आणि एखादा क्रॅश लॉगर (क्रॅशची नोंद ठेवणारा). अनऑफिशियल पॅचच्या नव्या आवृत्त्या जुन्या गेमवर चालत नाहीत, पण तू नव्यावरच असशील. एवढ्यावर गेम सुरू कर, थोडा हिंड. मग हवामान किंवा दिव्यांचा एक मॉड. परत हिंड. त्यानंतर दोन-तीन टेक्स्चर एकदम टाकलीस तरी चालतील. स्क्रिप्टवाले आणि गावं बदलणारे मात्र एकेक. झटपट तपासणीसाठी मुख्य मेनूतच कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘सीओसी’ आणि पुढे रिव्हरवुडचं नाव टाकलंस की थेट गावात उतरशील. ती केवळ तपासणीसाठी, त्यावर खरा खेळ सुरू करू नकोस, कारण सुरुवातीच्या मोहिमा त्यात नीट लागत नाहीत. आणि एक साधी वही किंवा टेक्स्ट फाइल ठेव: तारीख, कोणता मॉड, कोणती आवृत्ती, इन्स्टॉल करताना कोणते पर्याय निवडले. ते पर्याय पुढे हमखास विसरतात, आणि पॅच निवडताना नेमके तेच आठवावे लागतात.

तरीही क्रॅश होईल. झाला की आधी क्रॅश लॉगरची फाइल उघड. ‘माय गेम्स’मधल्या स्कायरिमच्या फोल्डरात ‘एसकेएसई’ नावाच्या फोल्डरात ती पडते. पहिल्यांदा ती बघून घाबरायला होतं, सगळे आकडे आणि अक्षरं. सगळं समजायची गरज नाही. वरच्या भागात एखाद्या डीएलएलचं, प्लगइनचं किंवा पात्राचं नाव येतंय का बघ. तेच नाव दोन-तीन लॉगमध्ये आलं तर तपास तिथून सुरू कर. एकदाच आलेलं नाव योगायोगही असू शकतं, लगेच मॉडकर्त्याच्या पानावर जाऊन भांडू नकोस.

लॉगमधून काही कळलं नाही तर निम्मे-निम्मे करायचं. अर्धे मॉड बंद कर, नवा खेळ सुरू करून बघ. क्रॅश गेला तर दोषी बंद केलेल्यांत, नाही गेला तर चालू असलेल्यांत. परत त्यांचे अर्धे. १४० मॉडमधूनही आठ फेऱ्यांत एकावर बोट ठेवता येतं. पथ्य एकच: मास्टर आणि त्यावर टेकलेले पॅच नेहमी एकाच अर्ध्यात ठेव, नाहीतर तपासणीच नवे क्रॅश तयार करेल. आणि हा सगळा उद्योग चालू खेळाच्या सेव्हवर करायचा नाही.

आकड्यांबद्दल तुला भीती असेल तर सांगते, १४० हा आकडा स्वतःहून मोठा नाही. साधी पूर्ण प्लगइन २५४ पर्यंत चालतात, आणि ‘हलकी’ म्हणून खूण केलेली ईएसएल प्रकारची त्याखेरीज ४,०९६ पर्यंत. टेक्स्चरना तर प्लगइन लागतंच असं नाही. हजारभर मॉडचे संच लोक सुरळीत चालवतात. फरक इतकाच, की त्यांना प्रत्येक मॉड तिथे का आहे ते माहीत असतं.

आता तुझं ६ जीबीचं कार्ड. ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ बिंदू. आजच्या नेहमीच्या संकुचित स्वरूपात, लहान प्रतींसह, असं एक टेक्स्चर सुमारे २१ एमबी जागा खातं. २के मध्ये तेच साधारण सव्वापाच एमबी, चौपटीचा फरक. आणि एका वस्तूला एकच टेक्स्चर नसतं. रंगाचं वेगळं, उठावाचं वेगळं, कधी तिसरंही. बाजारपेठेच्या चौकात उभा राहिलास की अशा शेकडो वस्तू एकदम समोर. तेव्हा डोंगर, जमीन, भिंती, जे डोळ्यांसमोर मोठं पसरतं तिथे हवं तर ४के घे. चमचा, वाडगा, चीजचा तुकडा २के किंवा १के मध्येही छान दिसतात. त्या यादीत बटाट्याचंही ४के टेक्स्चर असेल, मला खात्री आहे.

हे सगळं नको असेल, नुसतं खेळायचं असेल, तर त्यातही कमीपणा नाही. नेक्सस मॉड्स या साइटवर तयार ‘कलेक्शन’ मिळतात, वाबाजॅक नावाचं साधन आख्खा तयार संच जसाच्या तसा उभा करून देतं. करणाऱ्यांनी त्यात पॅच आणि दोन्ही क्रम बसवलेले असतात. अट अशी, की संच घेतला की त्याला हात लावायचा नाही. ‘फक्त हा एक चेहऱ्यांचा मॉड वरून टाकतो’ म्हणालास की पुन्हा तुझ्या आजच्याच जागी येशील, आणि यावेळी आत काय आहे हे तुला अजिबात ठाऊक नसेल.

कोणाकडे मदत मागायची वेळ आली तर ‘गेम क्रॅश होतो, प्लीज हेल्प’ असं लिहू नकोस. गेमची आवृत्ती, एसकेएसईची आवृत्ती, क्रॅश कुठे होतो, त्याआधी काय बदललंस, आणि लॉग. मॉड करणारे बहुतेक लोक हे फुकट, आपल्या रिकाम्या वेळात करतात. नीट माहिती दिलीस तर ते तासन्‌तास तुझ्यासोबत बसतात असा माझा अनुभव आहे.

धाकट्या भावाचं काम त्यामानाने सोपं, पण तिथे धोका वेगळा आहे. आधी बघ की त्याच्याकडे माइनक्राफ्टचं जावा एडिशन आहे की बेडरॉक. मी जे सांगतेय ते जावाचं. बेडरॉकमध्ये अ‍ॅड-ऑन असतात, त्यांची तऱ्हा निराळी. जावामध्ये आधी मॉड चालवणारा लोडर ठरतो: फोर्ज, निओफोर्ज किंवा फॅब्रिक. त्याला जो मॉड मनापासून हवाय तो कशावर आणि गेमच्या कोणत्या आवृत्तीवर चालतो ते बघ, आणि बाकीचं सगळं त्याच्या मागून निवड. फॅब्रिकचा मॉड फोर्जवर टाकला की चालत नाही, आणि १.२० चा मॉड १.२१ वर चालेल याची हमी नाही. प्रिझमसारख्या लाँचरमध्ये प्रत्येक संचासाठी वेगळा इन्स्टन्स, म्हणजे गेमची स्वतंत्र प्रत, करता येतो. मॉडवाला वेगळा, साधा वेगळा. म्हणजे त्याने काही मोडलं तरी त्याचं जुनं जग सुखरूप. मित्रांच्या सर्व्हरवर जायचं असेल तर गेमची आवृत्ती, लोडर आणि मॉड सर्व्हरशी जुळावे लागतात, हेही त्याला आधीच सांगून ठेव.

धोका असा: माइनक्राफ्टचा मॉड म्हणजे जार फाइल, आणि जार म्हणजे संगणकावर चालणारा खराखुरा प्रोग्रॅम. जून २०२३ मध्ये कर्सफोर्जसारख्या मॉड मिळण्याच्या नावाजलेल्या ठिकाणीही काही खाती ताब्यात घेऊन ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस मॉडमधून पसरवला गेला होता. ब्राउझरमधले पासवर्ड आणि खात्यांची माहिती चोरणं हे त्याचं काम. त्यामुळे मोठ्या जागाही शंभर टक्के सुरक्षित नाहीत, पण दुसऱ्यांचे मॉड उचलून परत चढवणाऱ्या अनोळखी साइट त्याहून कितीतरी वाईट. मॉड मॉडरिंथ, कर्सफोर्ज किंवा कर्त्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यायचा, आज आलेला मॉड आजच टाकायची घाई करायची नाही, आणि मॉड म्हणून एखादी एक्झी हातात आली तर ती उघडायची नाही. शिवाय ज्या ऑनलाइन गेममध्ये अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्रॅम, असतो तिथे मॉड टाकल्याने खातं बंद होऊ शकतं. भाऊ तसलं काही खेळत असेल तर त्या गेमचे नियम आधी वाच.

आणि पहिला मॉड टाकण्याआधी त्याच्या जगाचा, ‘सेव्हज’मधला फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेव. त्याच्यासमोर बसून, त्यालाच करायला लावून.

– ताई